दुसऱ्या बाळंतपणाआधी केलेली मनाची तयारी

मला पहिल्या बाळंतपणानंतर डिप्रेशन झालं होतं. नुसतं हळवं होणं, मधेच रडू येणं असलं नाही, डॉक्टरांनी निदान केलेलं, गोळ्या घ्याव्या लागलेलं आणि बरं व्हायला बरेच महिने गेलेलं डिप्रेशन. त्याबद्दल फार लिहीत नाही कारण मला तो काळ तुटक तुटकच आठवतो, बाळाचे पहिले महिने म्हणून बायका जे भरभरून सांगतात त्यातलं माझ्याकडे फोटो सोडले तर फारसं काही नाही. त्यामुळे दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा डोक्यात पहिला प्रश्न हाच आला की हे परत होणार का, आणि होण्याची शक्यता असेल तर आधीपासून काही करता येतं का.

माझ्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमना जाऊन हेच विचारलं. त्यांनी धीर द्यायचा म्हणून काहीतरी गोड बोलून पाठवलं नाही याचं मला आजही बरं वाटतं. म्हणाल्या, आधी डिप्रेशन होऊन गेलेलं असणं ही पुढच्या वेळेसाठी मोठ्यातली मोठी धोक्याची खूण आहे. आणि अजून एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती, की आपण ज्याला बाळंतपणानंतरचं डिप्रेशन म्हणतो ते बऱ्याच जणींना गरोदरपणातच सुरू झालेलं असतं, फक्त तेव्हा थकवा, झोप न लागणं, कशात मन न लागणं हे सगळं पोटात बाळ आहे म्हणून असेल असं समजून सोडून दिलं जातं. म्हणजे तयारी करायची असेल तर बाळंतपणानंतर बघू असं म्हणून चालणार नाही, ती आत्ताच.

त्यांनी पर्याय ठेवले. एक म्हणजे गोळ्या आधीपासूनच सुरू करणं, दुसरा म्हणजे काउन्सेलिंग, आणि तिसरा माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे चांगलं-वाईट न ठरवता लक्ष देण्याच्या सरावाचा, ८ आठवड्यांचा कोर्स, ज्याला एमबीसीटी म्हणतात, माइंडफुलनेस-बेस्ड कॉग्निटिव्ह थेरपी. माझ्या गोळ्या थांबून बराच काळ झाला होता आणि मी ठीक होते म्हणून हा तिसरा पर्याय विचारात घेता येतोय, तुम्ही आत्ता डिप्रेशनमध्ये असता तर मी आधी उपचारच सुरू केले असते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हे मुद्दाम लिहिते आहे कारण माइंडफुलनेस म्हटलं की लोकांना वाटतं गोळ्यांऐवजी करायची गोष्ट. माझ्या बाबतीत ठरलं ते असं होतं की कोर्स करायचा, दर काही आठवड्यांनी भेटत राहायचं आणि गोळ्या लागल्याच तर अंगावर पाजत असतानाही चालतील अशा गोळ्या आहेत त्या सुरू करायच्या. त्या गोळ्यांचं नावसुद्धा फाइलमध्ये आधीच लिहून ठेवलं होतं, म्हणजे ऐन वेळी घ्यायच्या की नाही यावर घरात चर्चासत्र नको.

मी तशी शंकेखोर आहे. ध्यान वगैरे शब्द ऐकला की मला वाटायचं हे आधीच शांत असलेल्या लोकांचं काम. म्हणून मी विचारलं की याने खरंच काही होतं याला आधार काय. मॅडमनी सांगितलं की हा सगळा प्रकार दवाखान्यातूनच आलेला आहे, १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जुनाट दुखणी आणि ताण असलेल्या पेशंटसाठी ८ आठवड्यांचा कोर्स सुरू केला, मग झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तिघा मानसशास्त्रज्ञांनी त्यावरून डिप्रेशन परत परत येणाऱ्यांसाठी वेगळा कोर्स बांधला, तो हा एमबीसीटी. २००० साली आलेल्या त्यांच्या पहिल्या मोठ्या अभ्यासात ज्यांना ३ किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलं होतं त्यांच्यात नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ६६ टक्के लोकांना ते परत आलं आणि कोर्स केलेल्यांपैकी ३७ टक्के. नंतर सोना डिमिजियन या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास गरोदर बायकांसाठी त्यात बदल केले आणि आधी डिप्रेशन होऊन गेलेल्या ८६ बायकांवर अभ्यास केला, तो २०१६ मध्ये आला. बाळंतपणानंतर ६ महिन्यांपर्यंत बघितलं तर कोर्स केलेल्यांत साधारण १८ टक्के बायकांना परत डिप्रेशन आलं आणि न केलेल्यांत ५० टक्के. अभ्यास लहान आहे हे मॅडमनी स्वतःच सांगितलं. मला मात्र तो ५० आकडा ऐकून पोटात गोळा आला आणि १८ ऐकून पहिल्यांदा वाटलं की हातात काहीतरी आहे.

कोर्स सुरू झाला तेव्हा पाचवा महिना लागला होता. आठवड्यातून एकदा दोन तास, आम्ही थोड्याच जणी, सगळ्या गरोदर, काहींना आधी त्रास झालेला काहींच्या घरात कोणाला झालेला. पहिल्या दिवशी मनुका हातात दिली आणि ती एक मनुका खायला चांगली पाच-दहा मिनिटं, म्हणजे आधी बघायची, बोटांत फिरवायची, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायची आणि मग चावायची. मला तेव्हा यातून काय मिळतंय ते कळलं नाही. घरी आल्यावर संध्याकाळी जेवताना एकदम लक्षात आलं की मी ताट संपवलं आणि त्या पूर्ण वेळात मी जेवत नव्हतेच, मी मनात पुढच्या चार महिन्यांनंतरच्या एका रात्रीत होते जिथे बाळ रडतंय आणि मला उठवत नाहीये. म्हणजे जे अजून घडलेलं नाही ते मी रोज तासन्तास जगत होते आणि ते करत होते हे मला माहीतही नव्हतं. शिकवणाऱ्या ताई याला ऑटोपायलट म्हणायच्या, आणि त्यांचं म्हणणं होतं की डिप्रेशन परत येतं ते बहुतेक वेळा याच दाराने येतं, मन थोडं खाली गेलं की ते आपोआप जुन्या विचारांच्या वाटेला लागतं, मी अशीच आहे, मला जमत नाही, परत तेच होतंय, आणि त्या विचारांनी मन अजून खाली जातं आणि मग अजून तसेच विचार. एखाद्याला एकदा डिप्रेशन होऊन गेलं की साध्या उदासपणानेही ही साखळी सुरू होऊ शकते. कोर्सचा सगळा भर या साखळीची पहिली कडी ओळखण्यावर होता. उदासपणा येऊ न देण्यावर नाही.

मग बॉडी स्कॅन. झोपून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका भागाकडे लक्ष न्यायचं, तिथे काय जाणवतं ते फक्त बघायचं. मूळ कोर्समध्ये हे रोज ४०-४५ मिनिटं करायला सांगतात, आमच्यासाठी छोटं केलेलं होतं आणि पाठीवर न झोपता डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन. मला सुरुवातीला याचा राग यायचा, खरंच राग, कारण पोटापर्यंत आलं की मला तिथे थांबायचंच नसायचं. पोट म्हणजे बाळ आणि बाळ म्हणजे ते सगळं परत. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगं मग तो नको-नको पण अंगात कुठे जाणवतो ते बघ, छातीत आहे का, घशात आहे का, आणि फार झालं तर लक्ष पायांवर घेऊन जा, जबरदस्ती काही नाही. हे ‘जबरदस्ती काही नाही’ माझ्या फार कामी आलं. हळूहळू असं झालं की पोटापाशी आल्यावर आधी घसा आवळलेला जाणवायचा, मग ते आवळणं थोडं सैल व्हायचं, आणि मग कधीकधी आत बाळाने लाथ मारलेली कळायची आणि त्या एका क्षणापुरती ती फक्त लाथ असायची, पुढचं काही नाही.

एका सेशनमध्ये ताईंनी डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, समजा तुम्ही रस्त्याने चाललाय, समोरच्या बाजूला ओळखीची बाई दिसली, तुम्ही हात केला आणि ती न बघता निघून गेली, आता मनात काय येतं ते सांगा. एक म्हणाली तिने बघितलं नसेल, एक म्हणाली ती कसल्यातरी काळजीत असेल, एक म्हणाली शिष्ट कुठली, आणि मी म्हणाले माझं काहीतरी चुकलं असणार म्हणून ती टाळतेय. रस्ता तोच, बाई तीच, आणि आम्ही सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी अगदी खऱ्या म्हणून घेऊन बसलेलो. हा एवढासा प्रयोग मला पूर्ण कोर्समधला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण पुढे बाळ झाल्यावर ते जेव्हा दूध पिताना तोंड फिरवून किंचाळायला लागलं तेव्हा ‘त्याला मी नकोय’ हा विचार जसाच्या तसा आला, आणि त्याच्या मागोमाग तो रस्ता आठवला. बाळाने तोंड फिरवलंय एवढं घडलंय. बाकीचं माझ्या मनाने जोडलंय.

रोजच्या सरावातलं माझं आवडतं म्हणजे तीन मिनिटांचा श्वासाचा थांबा. आधी एक मिनिट फक्त बघायचं की आत्ता काय चाललंय, विचार कोणते, भावना कोणती, अंगात काय. मग लक्ष गोळा करून श्वासावर आणायचं. आणि मग ते पसरवून पूर्ण अंगावर न्यायचं, बसल्या जागेचा, पायाखालच्या जमिनीचा स्पर्श वगैरे. ताई सारख्या सांगायच्या की लांबचं ध्यान बाळ झाल्यावर जमणार नाही, ते आत्ता करा म्हणजे हे छोटं तेव्हा आपोआप येईल, आणि हे अगदी तसंच झालं. मैत्रीभावनेचाही सराव होता, स्वतःसाठी आणि बाळासाठी मनात चांगलं चिंतायचं. बाळासाठी सहज जमायचं, स्वतःसाठी शब्द फुटायचे नाहीत, ते मला अजूनही पूर्ण जमतं असं म्हणणार नाही.

शेवटच्या आठवड्यांत एक काम दिलं होतं ज्याने मला पुढे वाचवलं असं मी म्हणेन. आपापली धोक्याची लक्षणं लिहून काढायची. पुस्तकातली नाही, आपली. डिप्रेशन पूर्ण यायच्या आधी आपल्यात काय काय बदलतं. मी नवऱ्याला घेऊन बसले कारण पहिल्या वेळचं मला नीट आठवत नव्हतं, त्याला आठवत होतं. तो म्हणाला, तू आधी फोन घेणं बंद केलंस, वाजत राहायचा आणि तू त्याच्याकडे बघत राहायचीस. मग केस विंचरणं बंद. मग बाळ झोपलेलं असतानासुद्धा तुला झोप लागायची नाही. मग तू सगळ्याला ‘काही नाही’ असं उत्तर द्यायला लागलीस. मी हे सगळं लिहीत गेले आणि आम्ही दोघंही मधेमधे गप्प होत होतो. तो त्या काळाबद्दल माझ्याशी एवढं सलग पहिल्यांदाच बोलला. खाली लिहिलं की यातलं काही दिसलं तर काय करायचं, पहिलं त्याला सांगायचं, दुसरं मॅडमना फोन, आणि मला सांगवत नसेल तर त्याने मला न विचारता फोन करायचा. ही परवानगी मी आधीच, डोकं जागेवर असताना, लेखी देऊन ठेवली. कपाटाच्या दाराला आतून चिकटवला तो कागद.

बाळंतपणाबद्दल थोडक्यात. कळा एक-दीड मिनिट टिकतात आणि मधे थोडी उसंत असते, त्या उसंतीत पुढच्या कळेला घाबरत बसायचं नाही, ती उसंत पूर्ण घ्यायची, एवढं मला जमलं आणि त्याचा फायदा झाला. नॅन्सी बार्डाके नावाच्या सुईण-नर्सने १९९८ पासून माइंडफुलनेसच्याच धर्तीवर बाळंतपणासाठीचा वेगळा कोर्स चालवला, त्यात यावरच खूप भर आहे. पण नंतर मी एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून देतात ते औषध, घेतलं आणि त्याचं मला काहीही वाटत नाही. दुखणं सहन करण्याची स्पर्धा नव्हती ती.

तिसऱ्या दिवसापासून रडू सुरू झालं. इथे मला आधीची माहिती असल्याचा फार आधार वाटला. वार पडल्यावर एक-दोन दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स एकदम खाली येतात, गरोदरपणात ते कितीतरी पटीने वाढलेले असतात, त्यात दूध उतरण्याचे दिवस, त्यात जागरण, आणि बहुतेक बाळंतिणींना, निम्म्याहून जास्त जणींना, या दिवसांत असं हळवेपण येतं आणि दोनेक आठवड्यांत जातं. पहिल्या वेळी या रडण्याने मी हादरले होते. या वेळी रडू आलं की मी ते उचकीसारखं येऊ दिलं, का येतंय हे शोधलं नाही. आई म्हणायची, अगं काय झालं ते तरी सांग, मी म्हणायचे, आई काही झालेलं नाही, येतंय ते येऊ दे, तू फक्त बाळाला घे जरा. आणि ती घ्यायची, तिलाही हे आधी समजावून ठेवलेलं होतं.

त्यानंतरचे काही आठवडे मला खरंच छान गेले. रात्रीच्या फीडिंगला मी मोबाइल हातात घ्यायचं बंद केलं होतं, त्याऐवजी बाळाच्या गिळण्याचा आवाज, त्याच्या डोक्याचं वजन दंडावर, माझे टेकलेले पाय, एवढंच बघायचं. ध्यान म्हणून नाही, दूध पाजायचंच आहे तर तिथेच असू म्हणून. मन पळायचं, मी परत आणायचे, परत पळायचं. एकदा जिन्यावरून उतरताना डोळ्यांसमोर एकदम आलं की बाळ हातातून पडलंय. इतकं स्पष्ट की मी कठडा धरून उभी राहिले. असले भयानक विचार आणि चित्रं नव्या आयांच्या मनात येणं खूप म्हणजे खूप कॉमन आहे हे कोर्समध्ये सांगितलं होतं, ते नको असतात म्हणूनच त्यांची इतकी भीती वाटते. आम्हाला फरकही शिकवला होता, की असा विचार आल्यावर तुम्हाला धक्का बसतो आणि तुम्ही बाळाला घट्ट धरता तर तो मनाने फेकलेला विचार आहे, त्याचाही त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगायचं. पण जर तो विचार बरोबरच वाटायला लागला, कोणीतरी करायला सांगतंय असं वाटलं, झोपेची गरजच वाटेनाशी झाली, भास व्हायला लागले, तर ती वेगळी गोष्ट, दर १००० बाळंतिणींमध्ये एक-दोघींना होणारा सायकोसिस, म्हणजे खरं काय आणि भास काय याचं भानच सुटणं, आणि त्यात एक तासही थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. श्वासबिस काही नाही. मी खाली येऊन नवऱ्याला ते चित्र शब्दांत सांगितलं, आणि सांगितल्यावर त्याची ताकद कमी झाली. पुढेही एकदोनदा आलं, आलं आणि गेलं.

मग दुसरा महिना संपत आला आणि गोष्टी बदलायला लागल्या. मैत्रिणीचा फोन वाजला आणि मी बघत राहिले. उचलला नाही. त्या क्षणी फार काही वाटलं नाही, पण संध्याकाळी परत तसंच झालं आणि मला आतून थंड काहीतरी सरकल्यासारखं जाणवलं, की हे कागदावर आहे. दोन रात्री बाळ झोपलेलं आणि मी टक्क जागी. जेवण नुसतं ढकलायचं. आणि एक जडपणा, खांद्यांवर आणि डोळ्यांच्या मागे, जो मी कोर्समध्ये इतक्या वेळा अंगाकडे बघून बघून ओळखायला शिकले होते की तो आल्याचं मला विचारांच्याही आधी कळलं. पहिल्या वेळी हे सगळं झालं असणारच, पण तेव्हा माझ्यात आणि त्याच्यात जागाच नव्हती, मीच ते होते. या वेळी मधे थोडीशी जागा होती. तेवढ्या जागेत मला नवऱ्याला म्हणता आलं, अरे ऐक, सुरू होतंय बहुतेक. त्याने काही समजूत घातली नाही, असं काही नसतं वगैरे म्हणाला नाही, फोन आणून दिला.

मॅडमनी लगेच बोलावलं. एडिनबरा स्केल म्हणून १० प्रश्नांचा फॉर्म असतो, १९८७ पासून वापरात आहे, गेल्या ७ दिवसांत हसू येतंय का, उगाच स्वतःला दोष देताय का, झोप, रडू, आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करावीशी वाटते का. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०, आणि साधारण १३ किंवा त्याहून जास्त आले की डिप्रेशनची दाट शक्यता धरतात, १० किंवा जास्त आले तरी नीट तपासतात. माझे त्या मधल्या पट्ट्यात आले. नुसत्या आकड्यावर निदान होत नाही, त्यांनी बराच वेळ बोलून घेतलं, रक्त तपासायला दिलं, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडून किंवा रक्त कमी होऊनही हुबेहूब असाच थकवा आणि उदासपणा येतो. हिमोग्लोबिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. आणि मुख्य उपाय दिला तो झोपेचा, रोज रात्री सलग किमान चार-पाच तास मला कोणीही उठवायचं नाही. नवरा आणि सासूबाईंनी वाटून घेतलं, काढून ठेवलेलं दूध ते पाजायचे, मी दुसऱ्या खोलीत. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, आईशिवाय बाळ रात्रीचं राहील का, मग दोन रात्री स्वतः घेऊन बसल्या आणि नंतर मीच सकाळी बाळाला लवकर घ्यायला आले तर मला परत पाठवायला लागल्या.

आता इथे माइंडफुलनेसबद्दल एक गोष्ट सांगायची आहे जी मला फारशी कुठे वाचायला मिळाली नव्हती. त्या वाईट दिवसांत डोळे मिटून शांत बसले की मला जास्त वाईट वाटायचं. जडपणा वाढायचा, विचार अंगावर यायचे. मी घाबरून ताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, मग बसू नकोस. मन असं खाली असताना स्थिर बसून आत बघणं सगळ्यांना झेपत नाही. डोळे उघडे ठेव, चाल, बाहेरचं बघ, ऐक. मग मी बाळाला छातीशी बांधून घरातल्या घरात चालायचे आणि प्रत्येक पाऊल टेकताना ते टेकलेलं जाणवू द्यायचे. आंघोळीच्या पाण्याचा गरमपणा, बाळाचे कपडे घडी करताना त्या कापडाचा स्पर्श. एवढंच. ‘परत तेच होतंय’ हा विचार दिवसातून कितीतरी वेळा यायचा आणि मी मनात म्हणायचे, हा, हा ‘परत तेच होतंय’ वाला विचार. त्याच्याशी भांडत नव्हते, तो खोटा आहे असंही स्वतःला पटवत नव्हते, कारण खरा ठरेल की खोटा हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. फक्त तो आलाय एवढी नोंद. याने आनंद झाला नाही. पण त्या विचाराला धरून पुढचे दहा विचार यायचे ते येईनासे झाले, आणि माझ्यासाठी तोच फरक होता.

हे चांगले तीनेक आठवडे चाललं. मॅडम मधे भेटत होत्या, फॉर्म परत भरून घेत होत्या, गोळ्यांचं ठरवून ठेवलेलं होतंच आणि गुण वर गेले असते तर मी त्याच दिवशी सुरू केल्या असत्या. ते गेले नाहीत, हळूहळू उतरले. नेमकं काय लागू पडलं, झोप की लोह की घरच्यांचा हात की कोर्स, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. पण एवढं नक्की की फोन न उचलल्याच्या त्या संध्याकाळी मला ते कळलं नसतं तर झोपेची व्यवस्था, तपासणी, काहीच झालं नसतं, निदान बरंच उशिरा झालं असतं. पहिल्या वेळी हे सगळं सुरू होऊन मी दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ बसायला लागलं होतं.

अजून एक, हा कोर्स घरच्यांच्या ऐवजी नाही. मला काही जणींनी विचारलं की म्हणजे एकटीला सांभाळता येतं का याने, तर नाही. मला याने मदत मागता आली, पण मागितल्यावर ती द्यायला माणसं होती म्हणून पुढचं झालं. ज्या घरात बाळंतिणीला रात्री चार तास झोप मिळत नाही तिथे तिला नीट श्वास घे म्हणून सांगणं मला पटत नाही. आणि नवऱ्यांचंही, बाळ झाल्यावर बापांनाही डिप्रेशन येतं, साधारण दहातल्या एकाला, माझ्या नवऱ्याने शेवटच्या दोन सेशनला यायचं कबूल केलं तेव्हा माझ्यासाठी म्हणून आला होता, नंतर तो तीन मिनिटांचा थांबा तो स्वतःच करायला लागला ऑफिसमधून आल्यावर दार उघडायच्या आधी.

बाळ आता वर्षाचं होऊन गेलंय. पहिलं वर्षभर कधीही सुरू होऊ शकतं म्हणून मॅडमनी तोपर्यंत भेटी चालू ठेवल्या होत्या, त्या आता थांबल्या. लांबचं ध्यान माझ्याकडून होत नाही, छोटं रोज कुठेतरी होतं, बहुतेक रात्री बाळाला झोपवताना. ज्या विचारतात की कधी सुरू करावं त्यांना मी सांगते, आधी कधी डिप्रेशन होऊन गेलं असेल तर पहिल्या तपासणीलाच डॉक्टरांना सांगा, आणि कोर्स करायचा तर चौथ्या-पाचव्या महिन्यात, मळमळ थांबलेली असते, पोट अजून फार जड झालेलं नसतं आणि आठ आठवडे हातात असतात. बाळ झालंय आणि आत्ताच दोन आठवड्यांच्या वर झाले उदास आहात, झोप येत नाहीये, मरावंसं वाटतंय, तर कोर्स नंतर. आज घरातल्या एका माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा, सांगवत नसेल तर हे वाचायला द्या.